शके १६११, श्रावण : बाशोबरोबर गास्सानवर

पांढरे कपडे चढवा. गळ्यात कागद पिळून केलेली दोरी घाला, डोक्याला पांढरं फडकं गुंडाळा, पायांत भाताच्या पेंढ्याच्या वहाणा घालून त्यांचे बंद घोट्याभोवती आवळा. जास्तीचा एक जोड कमरेला लटकवून ठेवा, कारण खडकाळ चढावर पेंढा फार टिकत नाही. या वहाणांना इथे ‘वाराजी’ म्हणतात. पुढचे दोन दिवस तुमचा सगळा भरवसा त्यांच्यावर आहे.

तुम्ही उत्तर जपानात, देवा प्रांतातल्या हागुरो डोंगरावर आहात. मिनामिदानी नावाच्या मठात तुमचा मुक्काम आहे. भोवती ‘सुगी’ नावाची सरळसोट, जुनी झाडं आहेत आणि पहाट अजून पुरती उजाडलेली नाही. गेन्रोकु कालखंडाचं दुसरं वर्ष, सहाव्या महिन्याची सहावी तिथी. इंग्रजी कॅलेंडरनं २२ जुलै १६८९. आपल्याकडे शके १६११चा श्रावण नुकताच लागला आहे. मार्चमध्ये संभाजी महाराजांची हत्या झाली, राजाराम महाराज रायगडावरून निसटले, आणि या घडीला गडाला मोगलांचा वेढा पडलेला आहे. वर येसूबाई आहेत, लहानगे शाहू आहेत. इथे या डोंगरात त्याची कुणाला वार्ता नाही. त्या पावसाळ्यात जगाच्या दुसऱ्या टोकाला एक कवी डोंगर चढायला निघाला आहे, हे तिथल्यांनाही माहीत असण्याचं कारण नाही. काळ मात्र एकच आहे, आणि तुम्हाला तो ओळखीचा वाटावा म्हणून ही आठवण केली.

तुमच्या पुढे दोघं उभे आहेत. एक किरकोळ अंगाचा, जपानी गणतीनं शेहेचाळीस वर्षांचा. हा मात्सुओ बाशो. दुसरा त्याच्याहून पाच वर्षांनी लहान, डोकं तासलेला. हा कावाई सोरा. एदोत म्हणजे आजच्या टोकियोत, फुकागावा भागात तो बाशोच्या शेजारी राहायचा, त्याला लाकूडफाटा आणि पाणी आणून द्यायचा. या प्रवासाला निघताना त्यानं मुंडण केलं आणि काळी वस्त्रं घेतली. आज तिघांच्याही अंगावर पांढरं आहे. चौथा माणूस वाटाड्या. ओझं वाहणारा आणि वाट दाखवणारा, डोंगरावरच आयुष्य गेलेला. याला ‘गोरिकी’ म्हणतात.

एदो सोडून त्यांना दोन महिने होऊन गेले आहेत. निघण्याआधी बाशोनं राहती झोपडी दुसऱ्याला देऊन टाकली. सामानात रात्री पांघरायला कागदी अंगरखा, उन्हाळी सुती झगा, पावसाची कापडं, शाई आणि कुंचले. शिवाय निरोप देणाऱ्यांनी हातात ठेवलेल्या भेटी. त्या टाकवत नाहीत आणि वाहवतही नाहीत. पहिल्याच मजलेला खांदे भरून आले, हे त्यानं पुढे पुस्तकात लिहिलं आहे. पाठपिशवी भरताना घरच्यांच्या आग्रहाखातर काहीतरी घेऊन निघालेल्या प्रत्येकाला ते खांदे ठाऊक आहेत.

निघायच्या आधी कालचा दिवस आठवा. सकाळी रिमझिम होती, दुपारी उघडलं. दुपारपर्यंत तुम्ही सगळ्यांनी उपास केला आणि मग ही दोरी गळ्यात घातली. रात्रीचं जेवण झाल्यावर हागुरोच्या देवळात जाऊन आलात. आणि परत आल्यावर झोपायचं सोडून माणसं कवितेला बसली. एकानं ओळी रचायच्या, दुसऱ्यानं त्या उचलून पुढे न्यायच्या, तिसऱ्यानं वळण द्यायचं. कागदाची एक घडी भरेपर्यंत बैठक चालली. दुसऱ्या दिवशी पहाटे दीड हजार मीटरचा चढ असताना!

या बैठका समजून घेतल्याशिवाय बाशोचं चालणं समजत नाही. चार-पाच महिने रस्त्यावर राहणाऱ्या माणसाला जेवू कोण घालतं? ओबानाझावात सेइफू नावाचा करडईच्या जातीच्या रंगफुलांचा व्यापारी होता, त्यानं त्यांना दहा दिवस ठेवून घेतलं. सेंदाईत काएमोन नावाच्या चित्रकारानं त्यांना गाव हिंडवून दाखवलं आणि निघताना निळीत रंगवलेल्या बंदांच्या वहाणांचे दोन जोड दिले. इथे हागुरोत एका रंगाऱ्यानं, म्हणजे कापड रंगवणाऱ्या कारागिरानं, त्यांची मठाधिकारी एगाकु यांच्याशी गाठ घालून दिली. परवा दुपारी एगाकुंनी त्यांना मुख्य मठात बोलावून सोबा म्हणजे कुट्टूच्या शेवया खाऊ घातल्या. हे सगळे कवितेचे वेडे लोक. बाशो त्यांच्याकडे पाहुणा म्हणून येतो, बैठक घालतो, त्यांच्या ओळींना आपल्या ओळी जोडतो आणि पुढच्या गावाला निघतो. त्याच्या लेखनानं त्याच्या पायांना वाट दिली. त्याचा मार्गसुद्धा लेखनानंच आखलेला आहे: जुन्या कवींनी, विशेषतः पाचशे वर्षांपूर्वीच्या साइग्यो या भटक्या संन्याशानं, ज्या जागांवर कविता केल्या त्या जागा शोधत तो उत्तरेला आला आहे. लिहिण्यापासून सुटका हवी म्हणून डोंगरात जाणारे पुष्कळ असतात. हा त्यांतला नाही.

चला, वाटाड्या निघाला.

हागुरोचा माथा ४१४ मीटर, गास्सान १९८४ मीटर. आपलं कळसूबाई १६४६ मीटरचं. म्हणजे आज दिवसभरात तुम्ही जवळजवळ समुद्रसपाटीपासून कळसूबाईएवढं चढणार आहात, तेही लांबलचक, न संपणाऱ्या धारेवरून. पहिला टप्पा कोवाशिमिझु, मग हिराशिमिझु, मग ताकाशिमिझु. तिन्ही नावं पाण्याची आहेत, कारण तिन्ही जागी पाणी आहे. डोंगरातल्या माणसांना वाट मोजायची ती पाण्याच्या ठिकाणांनीच, हे सह्याद्रीत टाक्यांवरून गड ओळखणाऱ्यांना नव्यानं सांगायला नको. ताकाशिमिझुपर्यंत घोडा येऊ शकतो. वाटेत यात्रेकरूंसाठी ठोकलेल्या तात्पुरत्या झोपड्या लागतात. सोरा हे सगळं टिपतो आहे: कुठून कुठवर किती ‘री’ (अंतराचं जपानी माप), घोडा कुठवर, झोपडी कुठे. त्याची नजर खाली वाटेवर आणि आकाशावर. हवा चांगली, हे त्यानं सकाळीच नोंदलेलं आहे.

त्याच्या पट्ट्यात ‘याताते’ खोचलेली असते. एका बाजूला शाई शोषलेल्या कापसाची डबी, तिला जोडलेल्या दांडीत कुंचला. चालता चालता लिहायचं असेल तर याहून सोयीचं काही या शतकात नाही.

पुढे झाडं खुजी होत जातात आणि एकदम संपतात. तुम्ही मिदागाहारावर आलात. अमिताभ बुद्धाचं पठार. पाणथळ गवत, त्यात आभाळ धरून ठेवलेली लहान लहान डबकी, जुलैत फुलणाऱ्या पिवळ्या लिली. इथे झोपडी आहे, इथेच दुपारचं जेवण. तुमच्या काळात या पठाराच्या जवळ बस येते आणि गवतावरून लाकडी फळ्यांची वाट जाते, पण ते आत्ता विसरा. शांतपणे जेवा. अवघड भाग इथून पुढे आहे.

चढ उभा होतो. धुकं येतं, जातं, परत येतं. दगड ओले आणि पेंढ्याच्या वहाणांची पकड मात्र आश्चर्य वाटावी इतकी चांगली. खड्ड्यांमध्ये बर्फाचे पट्टे आहेत, भर जुलैत. जपानच्या समुद्रावरून हिवाळाभर येणारे वारे या डोंगरावर इतका बर्फ टाकतात की उन्हाळा संपत आला तरी तो सगळा वितळत नाही. पांढऱ्या कपड्यांतली माणसं पांढऱ्या धुक्यात दहा पावलांवर नाहीशी होतात. इथल्या यामाबुशींच्या, म्हणजे डोंगरात तप करणाऱ्या साधकांच्या श्रद्धेत गास्सान हा मेलेल्यांचा डोंगर आहे आणि पलीकडचा युदोनो पुन्हा जन्माचा. पांढरे कपडे त्यासाठीच: हे प्रेताचे कपडे आहेत. तुम्ही मरायला चढत आहात आणि उद्या दुसऱ्या बाजूनं जन्माला यायचं आहे. धाप लागते, बोटं बधिर होतात, आणि ही श्रद्धा शरीरालाच पटायला लागते.

बाशोकडे बघा. त्याला जुनं पोटाचं दुखणं आहे. मागे इइझुकाला, गळक्या छपराखाली, पिसवा आणि डासांच्या रात्री ते उसळलं होतं आणि तो शुद्ध हरपण्याच्या बेतात आला होता. पुढच्या घाटवाटांवर तर सीमेच्या ठाण्यावर अडकून पडावं लागलं, मग नातागिरीच्या खिंडीतून एका तगड्या पोराच्या मागे, कमरेला आखूड वाकडी तलवार आणि हातात ओकची काठी घेतलेल्या त्या पोराच्या मागे, अंधाऱ्या रानातून धडधडत्या छातीनं जावं लागलं. या माणसाला डोंगराची हौस आहे असं म्हणणं पोकळ वाटतं. तो डोंगर सोसतो आहे. आणि तरी पाऊल मागे घेत नाही.

दुपारी साधारण चार वाजता तुम्ही शिखरावर पोचता. आधी देवळात डोकं टेकवायचं. इथला देव चंद्राचा. मग काकुबेइ नावाच्या माणसाच्या झोपडीत मुक्काम.

संध्याकाळी ढग फाटतात. सगळे बाहेर येऊन पूर्वेकडे तोंड करून उभे राहतात. सूर्य पश्चिमेला आणि हे लोक पूर्वेला का बघतात, असा प्रश्न पडला ना? ते ‘राइको’ची वाट बघत आहेत. सूर्य पाठीशी, समोर धुक्याची भिंत, त्यावर आपली सावली पडते आणि सावलीच्या डोक्याभोवती गोल रंगीत वलय उमटतं. संध्याकाळी पूर्वेला, सकाळी पश्चिमेला. इथले लोक म्हणतात, अमिताभ न्यायला आला. तुम्ही ते ओळखलंत: हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावरचं इंद्रवज्र ते हेच. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्यानं ते तिथे पाहिल्याची नोंद आहे. आज मात्र ढग निघून गेले, धुक्याची भिंतच राहिली नाही, म्हणून दर्शन नाही. सोरा हेही लिहून ठेवतो: ढग गेले, राइको दिसलं नाही. जे दिसलं नाही त्याचीही नोंद ठेवणारा माणूस मला फार मोठा वाटतो.

मग षष्ठीचा चंद्र. अर्ध्याहून कमी, मध्यरात्रीच्या आधीच मावळणारा. उत्तरेला चोकाईचा सुळका, पश्चिमेला समुद्र असेल त्या बाजूला फिकट पट्टा. थंडी वाजते. झोपडीत जा, झोपा.

दुसऱ्या दिवशी तुम्ही पलीकडे उतरता. वाटेत लोहाराची जागा लागते. इथल्या जुन्या तलवारकारांनी या डोंगरातलं पाणी निवडून घेतलं, त्या पाण्यात पाती विझवली आणि त्यांवर ‘गास्सान’ अशी मुद्रा कोरली. त्याच भागात एका दगडावर बसून बाशो विसावा घेतो, आणि समोर त्याला तीन हातही उंच नसलेलं चेरीचं झुडूप दिसतं. बर्फाखाली दबलेलं, कळ्या अर्ध्या उमललेल्या. जुलैत वसंत! तो बराच वेळ त्याच्याकडे बघत राहतो. पुस्तकातल्या या प्रकरणातला सर्वांत जिवंत तुकडा त्या झुडपाचा आहे.

पुढे उशिकुबीपाशी अंघोळ करून शुद्ध व्हायचं. थोडं उतरल्यावर वहाणा बदलायच्या. इथून पुढे नेलेलं नाणं परत आणायचं नाही. हातातून काही पडलं तर उचलायचं नाही. वाटेवर यात्रेकरूंची नाणी पडलेली आहेत आणि शेकडो पावलं त्यांच्यावरून जातात, कुणी वाकत नाही. अंगावरचे पांढरे कपडे, डोक्याचं फडकं, गळ्यातली दोरी, बस.

आणि युदोनोत जे आहे ते तुम्ही पाहता. त्याबद्दल इथे लिहिणार नाही. आत पाहिलेलं बाहेर सांगायचं नाही, असा त्या जागेचा नियम आहे. बाशोनं पुस्तकात नेमकं एवढंच सांगितलं की नियम आहे, म्हणून मी कुंचला खाली ठेवतो. जपानभर ज्याचे वाचक होते, जो याच जागांवर लिहायला दोन महिने चालत आला होता, त्यानं सर्वांत मोठ्या जागेपाशी येऊन लिहिणं थांबवलं. मला हे त्याच्या सगळ्या कवितांइतकं मोलाचं वाटतं. आज आपण देवराईत, कातळशिल्पांपाशी, एखाद्या धनगरवाड्यात पोचायच्या आत ती जागा चार लोकांना दाखवायला निघतो. काही जागांचं न लिहिलं जाणं हेही लिहिणाऱ्याचं काम आहे.

दुपारी परत गास्सानच्या माथ्यावर. जेवण, आणि मग लांबलचक उतार. तुमचे गुडघे बोलायला लागतात. कोवाशिमिझुपाशी खालून कुणीतरी डबा घेऊन सामोरं आलेलं आहे. त्या डब्याची चव तुम्ही विसरणार नाही. अंधार पडताना मिनामिदानी. सोरा आपल्या वहीत दिवसाचा हिशेब लिहितो आणि शेवटी दोनच अक्षरांत सांगतो की फार दमलो.

आठ तारीख. सकाळी रिमझिम, दुपारी उघडीप. एगाकु येतात, दुपार टळेपर्यंत बसतात. पाय दुखताहेत. कुणी कुठे जात नाही.

ही आठ तारीख लक्षात ठेवा. आता मी तुम्हाला इथून उचलणार आहे.

तुम्ही पुढच्या वर्षी, १६९० मध्ये, बिवा सरोवराजवळ इशियामाच्या मागच्या डोंगरात एका पडक्या झोपडीत येता. प्रवास संपला आहे. सुमारे २४०० किलोमीटरची, साधारण पाच महिन्यांची पायपीट करून बाशो ओगाकीला पोचला, तिथून इसेला गेला, आणि आता या झोपडीत उन्हाळा काढतो आहे. प्रवासाचं पुस्तक लिहून झालं असेल असं तुम्हाला वाटतं. नाही झालेलं. १६९१ मध्ये क्योतोच्या सागा भागातल्या शिष्याच्या घरी या. नाही झालेलं. त्या हिवाळ्यात तो एदोला परततो, १६९२ च्या उन्हाळ्यात नवी झोपडी मिळते. तिथे दाराशी बसा आणि बघा. लिहिलेल्या ओळीवर तो कागदाची पट्टी डकवतो, त्यावर नवी ओळ लिहितो. १९९६ मध्ये एक हस्तलिखित उजेडात आलं, ते बाशोच्या हातचं असल्याचं अनेक अभ्यासक मानतात. त्यात अशा सत्तरहून अधिक पट्ट्या आहेत. छापलं तर चाळीस-पन्नास पानांचंही होणार नाही एवढं ते पुस्तक.

मोगामी नदीवरची कविता घ्या. ओइशिदाला नदीकाठच्या यजमानाच्या घरी बसून त्यानं ती केली तेव्हा तिच्यात पाण्याचा गारवा होता, यजमानाच्या घराची वाखाणणी होती. मग तो त्याच नदीतून नावेनं उतरला, पुरात, जीव मुठीत धरून. पुस्तकात त्या कवितेतली नदी वेगानं धावते. पाय जिथे पोचतात तिथे कविता नंतर पोचते, आणि तिला पोचायला वेळ द्यावा लागतो.

१६९४ च्या उन्हाळ्यात सोर्यू नावाच्या सुलेखनकाराकडून त्यानं ‘ओकु नो होसोमिची’ची, म्हणजे दूर उत्तरेकडच्या अरुंद वाटेची, स्वच्छ प्रत करून घेतली. ती सोबत घेऊन तो पुन्हा चालायला निघाला, जन्मगावी थोरल्या भावाकडे ती ठेवली, आणि त्याच वर्षी ओसाकात वारला. क्योतोत पुस्तक छापलं गेलं ते १७०२ मध्ये. त्यानं ते छापलेलं पाहिलं नाही.

आता गास्सानचं पान उघडा. तिथे काय आहे? आठव्या तिथीला आम्ही गास्सान चढलो, असं आहे. शिखरावर पोचलो आणि सूर्य बुडाला, चंद्र प्रकटला. बांबूच्या गवताचं अंथरूण, बांबूची उशी, आणि पहाटेची वाट बघत पडून राहणं.

तुम्ही तिथे होता. तुम्हाला माहीत आहे की सहावी तिथी होती, चार वाजता पोचलात, आणि काकुबेइची झोपडी होती. आठव्या तिथीला तर सगळे मठात बसले होते.

जपानी वाचकांना हे कळायला अडीचशे वर्षं लागली. सोराची डायरी १९४३ मध्ये छापली गेली आणि लोक पुस्तक आणि डायरी शेजारी ठेवून वाचायला लागले. इशिनोमाकीला आम्ही वाट चुकून पोचलो, असं बाशो लिहितो. डायरीत ते ठरल्या मार्गानं गेलेले दिसतात. इचिबुरीच्या मुक्कामी शेजारच्या खोलीत दोन गणिका होत्या, त्यांचं बोलणं कानावर आलं, ते मी सोराला सांगितलं आणि त्यानं लिहून घेतलं, असं बाशो सांगतो. सोराच्या वहीत त्या बायकांचा मागमूस नाही.

मग हा माणूस खोटं बोलला का? मी या प्रश्नावर खूप विचार केला आहे, आणि माझं उत्तर ठाम आहे: नाही. पण हे उत्तर फुकट मिळत नाही. बाशोनं डोंगर बदलला नाही. धाप खरी, थंडी खरी, बर्फातलं झुडूप खरं, युदोनोपाशी घेतलेलं मौन खरं. तिथी, झोपडी, पोचण्याची वेळ त्यानं हलवली, कारण पाच वर्षं त्या रात्रीशी बसल्यावर त्याला तिचा आकार दिसला: चंद्राच्या डोंगरावर पोचताच सूर्य जावा आणि चंद्र यावा. चालणाऱ्याच्या आठवणीत डोंगर तसाच उरतो. हे स्वातंत्र्य त्याला कशामुळे मिळालं? पायांना पेंढ्याच्या वहाणा बांधून तो स्वतः चढला होता यामुळे. घरी बसून कुणी बांबूच्या उशीचं वर्णन केलं असतं तर ते मी खोटं म्हणालो असतो.

आणि दुसरी गोष्ट तेवढीच महत्त्वाची. सोरा नसता तर बाशोचं काम आपल्याला पुरतं कळलंच नसतं. वहीत ज्याला राइको दिसलं नाही असं लिहायचा धीर आहे, तोच पुढे काय हलवलं आणि का हलवलं याचं मोजमाप देऊ शकतो. डोंगरावर सोरा व्हावं आणि घरी आल्यावर बाशो, असं जमलं तर दोन्ही कामं होतात. बहुतेकांचं नेमकं उलटं होतं: डोंगरावर कविता सुचते म्हणून वेळ, वाट, पाणी टिपायचं राहून जातं, आणि घरी आल्यावर त्याच रात्री घाईघाईत सगळं सांगून टाकलं जातं.

मराठीत हायकू शिरीष पैंनी रुजवला, त्यामुळे बाशो हे नाव आपल्या वाचकाला परकं नाही. पण आपण त्याच्याकडून तीन ओळी घेतल्या, त्या ओळींमागचं चालणं आणि त्यानंतरचं बसणं घ्यायचं राहिलं. आपल्याकडे ते नव्हतंच असं मुळीच नाही. गो. नी. दांडेकर तळेगावात राहिले, नर्मदेची परिक्रमा पायी केली, आयुष्यभर गड हिंडले. ‘दुर्गभ्रमणगाथा’ त्यातून आली हे कुणीही सांगेल, पण राजमाचीच्या मातीतून ‘माचीवरला बुधा’ उगवला तो नुसत्या चढण्या-उतरण्यानं नव्हे. ती माची त्यांच्यात मुरली, त्यानंतर बुधा आला. आज सह्याद्रीत पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त माणसं चालतात, जास्त लिहितात, आणि त्यातलं मुरलेलं फार थोडं आहे, हे मला मनापासून खुपतं.

तुम्ही आत्ताच गास्सान उतरून आलात, म्हणून तुम्हालाच विनंती. तुमची एखादी जुनी वाट काढा, नाणेघाट असेल, रतनगड ते हरिश्चंद्रगड असेल, हिमालयातली एखादी खिंड असेल. त्या वेळची वही शोधा. तिच्यातल्या तारखा, पाण्याची ठिकाणं, ज्यांनी जेवू घातलं त्यांची नावं तशीच राहू द्या, एक अक्षर बदलू नका. मग शेजारी कोरा कागद घ्या आणि लिहायला लागा. आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत ते कुणालाही दाखवू नका.